जुळ्या कालवडीच्या रक्तातली साक्ष

गाईला एक गोऱ्हा आणि एक कालवड असे जुळे झाले, की ही कालवड पुढे गाभण राहील का, हा प्रश्न उभा राहतो. शंभरांतल्या ९० हून अधिक अशा कालवडी वांझ निघतात. इंग्रजीत त्यांना ‘फ्रीमार्टिन’ म्हणतात. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये अशा गुरांच्या विच्छेदनातून त्यांची अर्धवट राहिलेली जननेंद्रिये नोंदवली. कारण उलगडायला मात्र विसावे शतक उजाडले.

टांडलर व केलर यांनी १९११ मध्ये आणि शिकागोच्या फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये ते मांडले. पोटात दोन्ही गर्भांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात. नर गर्भाची वृषणे आधी घडतात. त्यांतली संप्रेरके बहिणीच्या शरीरात पोचून तिच्या बीजांडकोशाची व गर्भाशयाची वाढ खुंटवतात. म्हणजे दोष तिच्या बीजात नसतो आणि आईतही नसतो.

रक्ताबरोबर पेशीही जातात. भावाच्या रक्त घडवणाऱ्या पेशी बहिणीच्या अस्थिमज्जेत कायमचा मुक्काम करतात, हे रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले. परक्या पेशी शरीराने स्वीकारल्या कशा, या कोड्यातून बर्नेट आणि मेडावार यांचे संशोधन पुढे गेले व १९६० चे नोबेल त्यांना मिळाले.

आजची जनुकीय चाचणी याच पेशींचा माग काढते. मादीत वाय गुणसूत्र नसते. कालवडीच्या थोड्याशा रक्तात पीसीआर पद्धतीने त्याचे तुकडे सापडले, तर ती बहुधा वांझ. न सापडल्यास वारा जुळल्या नव्हत्या आणि ती गाभण राहण्याची आशा धरता येते. नमुना रक्ताचाच हवा, कारण भावाच्या पेशी प्रामुख्याने तिथेच वस्तीला असतात. भाऊ पोटातच दगावला, तर एकटी जन्मलेली कालवडही अशी निघू शकते.

चाचणी नसेल, तर माजाची वाट पाहत दीड-दोन वर्षे चारा-पेंड घालावी लागते. युरोपात अशी कालवड मांसासाठी पोसली जाते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे, तेव्हा तिचा भार गोठ्यावर, गोशाळेवर किंवा रस्त्यावर येतो. उलट, जुळी म्हणून आधीच वांझ ठरवली, तर दहांतली एखादी चांगली दुभती गाय हातची जाते. जन्मतःच केलेली चाचणी हे दोन्ही टाळते. शेतकऱ्याला आपला निर्णय अंदाजाने नव्हे, माहितीने घेता येतो.