एक वही आणि अनेक कारकून
(लेखांक ९ वा)

कांद्याच्या हंगामात देवळ्याच्या आसपास एखाद्या चाळीपाशी घटकाभर उभे राहिले, म्हणजे कामाची विभागणी ही किती सोपी गोष्ट आहे असे वाटू लागते. निवडणाऱ्या बायका चार असोत की चौदा, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला काढताना त्यांना एकमेकींस काही विचारावे लागत नाही आणि जितके हात वाढतात तितका ढीग लवकर सरतो. परंतु तोच माल उमराण्याच्या बाजार समितीत लिलाव होऊन भुईकाट्याकडे निघाला आणि तेथे काटा एकच असला, म्हणजे वीस ट्रॅक्टर आणले तरी तोलाई एकामागून एकच होते. अनेक कोर असलेल्या संगणकाकडून काम करवून घेताना हे दोन्ही प्रकार अनुभवास येतात. एकूण कामाचा एक दशांश भाग जरी असा काट्यावरचा, म्हणजे क्रमानेच होणारा असला, तरी आठ कोर लावून वेग आठपट न होता सुमारे ४.७ पटच होतो आणि कोर हजारांनी वाढविले तरी तो दहापटीपलीकडे जात नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारातून हा हिशेब निघतो.

तथापि माझ्या मते खरी मेख या रांगेत नसून सामाईक वहीत आहे. समजा, आवकेच्या वहीत ४०० क्विंटल ही बेरीज लिहिलेली आहे. एक कारकून ती वाचतो आणि आपले २० मनात मिळवतो. तो ४२० लिहिणार इतक्यात दुसराही तीच ४०० वाचून आपले ३० मिळवतो. पहिला ४२० लिहितो, त्यावर दुसरा ४३० लिहितो, आणि ४५० व्हावयाच्या ठिकाणी २० क्विंटल कोणाचीही लबाडी नसताना नाहीसे होतात. एकाच स्मृतीवर काम करणाऱ्या दोन थ्रेडांचे, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांचे, नेमके असेच होते, आणि वाईट असे की ते दर वेळी होत नाही; शंभर वेळा उत्तर बरोबर येते, एकशे एकाव्या वेळी चुकते. यावर उपाय म्हणजे वहीला कुलूप, ज्याला संगणकाच्या व्यवहारात म्यूटेक्स म्हणतात: ज्याच्याकडे ताबा त्यानेच वाचावे, लिहावे आणि मग ताबा सोडावा. मात्र एकाने वही धरून शिक्क्याची आणि दुसऱ्याने शिक्का धरून वहीची वाट पाहिली, तर सारे दप्तर जागच्या जागी थिजते. म्हणून ताबा घेण्याचा क्रम सर्वांनी एकच पाळावा लागतो.

वही सामाईक ठेवूच नये, हा दुसरा मार्ग आपल्या महाराष्ट्रात फार आधी चोखाळला गेला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातील प्रत्येक ट्रान्सप्यूटरला, म्हणजे प्रोसेसरला, स्वतःची स्मृती आणि शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे होते, म्हणजे प्रत्येक कारकुनाची वही निराळी आणि परस्परांत केवळ चिठ्ठ्यांचा व्यवहार. पुढे ‘परम १००००’ सोलारिसवर, २००३ चा ‘परम पद्म’ एआयएक्सवर आणि २००८ चा ‘परम युवा’ लिनक्सवर चालला. यंत्रे बदलली, त्यांवर हुकूम चालविणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमही बदलल्या; मात्र चिठ्ठ्यांची रीत १९९४ साली एमपीआय या मानकाने ठरवून दिली, आणि त्या रीतीने लिहिलेला प्रोग्राम नव्या यंत्रावर पुन्हा कंपाइल करून चालविता येऊ लागला. ‘पद्म’मधील पॉवर-४ प्रोसेसरात एकाच चकतीवर दोन कोर होते, म्हणून चिठ्ठी आणि सामाईक वही या दोन्ही रीती तेथे एका छपराखाली नांदल्या.

घरच्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिमची ही भिन्नता अधिक बोचते. लिनक्सवर ‘फोर्क’ या हुकमाने चालू प्रोसेसची, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामची, हुबेहूब प्रतिकृती निघते आणि तिला आधीचा सारा हिशेब ठाऊक असतो; विंडोजवर ही वहिवाट नाही, तेथे नवी प्रोसेस कोऱ्या पाटीनिशी सुरू होते. त्यामुळे फोर्कवर विसंबून लिनक्सवर सुरळीत चाललेला पायथॉनचा प्रोग्राम विंडोजवर सुरुवातीलाच अडू शकतो, आणि नवशिक्याला वाटते की आपलेच गणित चुकले. थ्रेड मागण्याचे हुकूमही दोन्हींकडे वेगळे आहेत. पण २०११ च्या मानकापासून सी-प्लस-प्लस भाषेतच थ्रेड आणि म्यूटेक्स आलेले असल्यामुळे, नव्याने लिहिणाऱ्याने एखाद्या सिस्टिमची खास बोली सोडून त्या सामाईक भाषेतच लिहावे, असा माझा आग्रह आहे.

ज्या वाचकांना सोय असेल त्यांनी पुढील लेखांकापूर्वी एवढे अवश्य करावे: एका अंकात दहा लाख वेळा एक मिळविणारे दोन थ्रेड आधी कुलपाशिवाय आणि मग कुलपासह, प्रत्येकी पाच-पाच वेळा चालवावेत, आणि दहाही उत्तरे व प्रत्येक वेळी लागलेला अवधी कागदावर उतरवून ठेवावा. पुढचा लेखांक त्याच कागदापासून सुरू होईल.