पेटी भरली, पण लेबल कुठाय?

युरोपला जाणारी द्राक्षपेटी नुसत्या गोडीवर जात नाही. २००६ साली अपेडाने ‘ग्रेपनेट’ सुरू केले, तेव्हापासून पेटी कोणत्या बागेतली याचा माग काढता आला पाहिजे. लेबलाला मोल आले ते म्हणूनच. आता कमरेला अडकवायचा छोटा प्रिंटर मिळतो. वायरची कटकट नाही. पण जोडणी चुकली की माल तयार आणि काम ठप्प!

जोडणी अशी करा. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. मोबाईलचे ब्लूटूथ चालू करून यादीतले प्रिंटरचे नाव निवडा. पिन मागितला तर माहितीपुस्तिकेत बघा. पुष्कळ प्रिंटर एका वेळी एकाच मोबाईलला जोडले जातात. दुसऱ्याची जोडणी आधी तोडा. पल्ला साधारण १० मीटर, जाड भिंतीआड आणखी कमी. वाय-फाय वापरायचे तर राउटर २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. बरेच प्रिंटर ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत.

शेवटी एकच लेबल छापा, बारकोड स्कॅन करून क्रमांक ताडून बघा. जुळला तरच पुढच्या पेट्यांना हात लावा. नाहीतर दुसऱ्याच्या बागेतला दोष तुमच्या माथी बसायचा!