भिंतीतली ओल मोबाईलवर दिसते का? थर्मल कॅमेऱ्याची खरी गोष्ट

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही राहा, पावसाळ्यात एक भांडण ठरलेलं. छताला ओल आलीय, वरचे म्हणतात आमचं बाथरूम ठीक आहे आणि प्लंबर म्हणतो फोडून बघावं लागेल. न फोडता बघायचं असेल तर इन्फ्रारेड म्हणजेच थर्मल कॅमेरा कामाला येतो. पण तो काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे आधी समजून घेऊया.

हे काम कसं करतं?

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरण सोडते. डोळ्यांना न दिसणारे हे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधले. थर्मल कॅमेरा ते टिपतो आणि गरम-गार भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. ओल्या भिंतीतलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, अगदी माठासारखं. म्हणून ओला भाग गार दिसतो. बदलापुरात रिसेलचा फ्लॅट बघायला गेलात तर हे लक्षात ठेवा: ताज्या रंगाखाली डाग लपतो, पण भिंत अजून ओली असेल तर गारवा लपत नाही.

माझा फोन चालेल का?

टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर रिमोटचा दिवा चमकताना दिसतो. तोही इन्फ्रारेडच, पण त्याची तरंगलांबी साधारण ०.९४ मायक्रोमीटर. भिंतीची उष्णता टिपायला ८ ते १४ मायक्रोमीटरचे किरण लागतात आणि ते साध्या लेन्समधून आत येतच नाहीत. त्यामुळे 'थर्मल कॅमेरा' नावाचं फुकट ॲप फोटोला फक्त रंग लावतं. खरं तापमान हवं तर चार्जिंगच्या जागी लावायचा वेगळा थर्मल कॅमेरा घ्यावा लागतो. मोजक्या फोनमध्ये तो बसवलेलाच असतो.

वापरताना

- भर पावसात हवा दमट असते, पाणी उडत नाही, फरक पुसट दिसतो. तासभर पंखा लावा, मग बघा.
- एसीच्या हवेनेही भिंत गार होते. डाग दिसला की मॉइश्चर मीटरने खात्री करा.
- चकचकीत टाइल, स्टील आणि काच आरशासारखं वागतात, त्यात तुमच्याच अंगाची उष्णता दिसते.
- एमसीबीचा बॉक्स न उघडता तपासा. एखादा एमसीबी शेजारच्यांपेक्षा फार गरम दिसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि स्लॅब?

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. २८ मे रोजी नेहरू चौक परिसरात पाचव्या मजल्यावरचा स्लॅब थेट खालपर्यंत आला आणि ७ जणांचा जीव गेला.

पाणी मुरलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट सुटायला लागतं. थर्मल कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं. उन्हात तापलेल्या गच्चीचा सुटलेला थर त्यात कधी कधी दिसतो, पण आतली सळई किती खाल्ली गेलीय ते दिसत नाही. काँक्रीट किती मजबूत आहे ते बघायला रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक आणि कोअर टेस्ट लागतात. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इंजिनिअर गरजेप्रमाणे त्या करून घेतात. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं.

छताचे पोपडे पडत असतील, सळई उघडी दिसत असेल तर थर्मल फोटोची वाट बघू नका आणि वरून प्लास्टर मारून झाकूही नका. त्या खोलीत झोपणं बंद करा. सोसायटीला लेखी कळवा, तसंच उल्हासनगरात महापालिकेला, अंबरनाथ-बदलापुरात नगरपरिषदेला कळवा.

थोडक्यात, थर्मल कॅमेरा संशय कुठे घ्यायचा ते सांगतो. इमारत सुरक्षित आहे, असं सर्टिफिकेट तो देत नाही. तुमच्या इमारतीचं शेवटचं ऑडिट कधी झालं? आजच सोसायटीच्या ग्रुपवर विचारा.