कायद्याला गाडी दिसते, ड्रायव्हर दिसत नाही

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात स्टँडच्या आसपास सकाळी उभं राहिलं की ‘बांबवडे, कोल्हापूर, कोल्हापूर’ ही हाळी कानावर येतेच. वडाप, म्हणजे सीटवारी भाड्याची खासगी गाडी, भरल्याशिवाय सुटत नाही. मधल्या सीटवर तिघांच्या जागी चौघं, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं, मागे पोती आणि शाळेची दप्तरं. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराला टेकलेला. ॲपवरून गाडी मागवायची सवय इथल्या पोरांना पुण्या-मुंबईला गेल्यावर लागते. सणासुदीला गावी आली की तीच पोरं ओळखीच्या ड्रायव्हरला फोन लावतात.

त्यामुळे ॲपवाल्या टॅक्सीचा कायदा म्हणजे शहरवाल्यांची भानगड, असं इथे कुणालाही वाटेल. पण या कायद्याचा गुंता वडापवाल्याला चांगला ठाऊक आहे. फक्त त्याच्या वाट्याला त्यातला एकच धागा येतो, तो म्हणजे परमिट.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. भाडं घेऊन माणसं न्यायची तर गाडीला परमिट हवं, हे त्याचं कलम ६६ सांगतं. परमिटचे मुख्य प्रकार दोन. पहिला टप्पा वाहतुकीचा: सहापेक्षा जास्त प्रवासी, प्रत्येकाचं भाडं वेगळं, वाटेत हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. हे एसटीचं काम आणि राज्यात ते मुख्यतः एसटीच्याच हाती ठेवलेलं आहे. दुसरा कंत्राटी वाहतुकीचा: गाडी ठरवून इथून तिथे न्यायची, वाटेत बाहेरचा प्रवासी घ्यायचा नाही. वडाप करतं पहिल्या प्रकारचं काम, आणि परमिट असतं दुसऱ्या प्रकारचं. काहींकडे तर तेही नसतं. पांढऱ्या पाटीची घरची गाडीच धंद्याला लावलेली असते. विनापरमिट गाडी चालवली तर कलम १९२-अ खाली दहा हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही वडाप चालतं, कारण ते लागतं. सरकारलाही लागतं. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप पेटला, तेव्हा ८ नोव्हेंबरला राज्य सरकारने अधिसूचना काढली आणि खासगी बस, स्कूल बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. आदल्या दिवशी जे चालानाचं कारण होतं, ते दुसऱ्या दिवशी लोकसेवा झालं. एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले आणि ती सोय आवरली. गाडी तीच, रस्ता तोच, हात दाखवून थांबवणारी म्हातारीही तीच.

पहिला प्रश्न हा परमिटचा. ॲप आलं तेव्हा कायद्यापुढे दुसरा उभा राहिला. गाडी ड्रायव्हरची, परमिट त्याचं, डिझेल त्याचं. मग मधली कंपनी कोण? कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही वाहतूकदार नव्हेच, आम्ही फक्त प्रवासी आणि ड्रायव्हर यांची गाठ घालून देतो. युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठाने २० डिसेंबर २०१७ ला उबरच्या बाबतीत हे फेटाळलं आणि ही वाहतूक सेवाच आहे असं सांगितलं. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘ॲग्रिगेटर’ची व्याख्या आली. प्रवाशाला ड्रायव्हरशी जोडून देणारा डिजिटल मध्यस्थ तो ॲग्रिगेटर, आणि कलम ९३ प्रमाणे त्याला राज्याचा परवाना सक्तीचा.

ही व्याख्या वाचताना मला आपल्याकडचे व्हॉट्सॲप ग्रुप आठवतात. ‘उद्या सकाळी सातला सीपीआर हॉस्पिटल, चार सीट, पेशंट आहे’ असा मेसेज पडतो, कुणीतरी अंगठा दाखवतो आणि गाडी दारात येते. ग्रुप चालवणारा या व्याख्येत बसतो का? शब्दाला शब्द लावला तर बसूही शकेल. मात्र कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो नव्हता, हे सांगायला वकील नको.

ज्यांच्यासाठी व्याख्या केली, त्यांनीही परवान्याची घाई केली नाही. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर २०२० मध्ये आली, महाराष्ट्राचे स्वतःचे नियम मात्र रखडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ७ मार्च २०२२ ला न्यायालयाने सांगितलं, १६ मार्चपर्यंत परवान्यासाठी अर्ज करा, नाहीतर गाड्या बंद. पुढच्याच महिन्यात उबरला सर्वोच्च न्यायालयाकडून ‘जैसे थे’ मिळालं. बाईक टॅक्सीवाल्या रॅपिडोचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने फटकारलं, १९ जानेवारीला राज्याने खासगी नोंदणीच्या गाड्या अशा व्यवसायात वापरायला बंदी केली आणि ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारला. बाईक टॅक्सीसाठी राज्याने २०२५ मध्ये नवीन दार उघडलं, पण इलेक्ट्रिक दुचाक्यांना आणि लाखावर लोकसंख्येच्या शहरांतच. म्हणजे मलकापूर आपोआपच बाहेर.

चारचाकीसाठी महाराष्ट्राचं धोरण आलं २० मे २०२५ च्या शासन निर्णयाने. गर्दीच्या वेळी भाडं मूळ दराच्या दीडपटीपर्यंतच वाढवता येईल आणि भाड्यातले किमान ८० टक्के ड्रायव्हरला मिळाले पाहिजेत, असं त्यात आहे. दोनशे रुपयांच्या फेरीत ड्रायव्हरच्या हाती किमान एकशे साठ. ऐकायला बरं वाटतं. पण इंधन, गाडीचा हप्ता, विमा, टायर आणि रिकामी परतफेरी, सगळं त्या एकशे साठातूनच जायचं.

अपघात झाला की मग कागद बोलू लागतात. २०१८ मध्ये अमृत पॉल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विनापरमिट गाडी चालवणं हा कायद्याचा मूलभूत भंग आहे. जखमीला किंवा मृताच्या वारसाला विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा त्या निकालाचा आशय. आंबा घाटात धुकं किती दाट उतरतं हे ज्याने पाहिलंय, त्याने हा निकाल गाडीच्या कागदांसोबतच ठेवावा. हल्ली बऱ्याच जणांचा एक गोंधळ होतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांखालची टॅक्सी चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं, हे खरं. पण ती सवलत लायसन्सपुरती आहे, परमिटची नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा तोच. ॲपवरचा हा ड्रायव्हर कुणाचा नोकर आहे का? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबरच्या ड्रायव्हरांना ‘कामगार’ मानलं. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनीच्या, सतत नकार दिला तर ॲपच बंद. मग हा स्वतंत्र धंदेवाईक कसला, असा न्यायालयाचा सरळ विचार. किमान वेतन आणि भरपगारी रजा त्यातूनच आली.

आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द पहिल्यांदा कायद्यात आणले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, तिला कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची वरची मर्यादा. त्यातून अपघात विमा, आरोग्य, म्हातारपणाची सोय अशा योजना व्हायच्या आहेत. पण व्याख्येतच मेख आहे. मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करणारा तो गिग कामगार, असं संहिता म्हणते. म्हणजे त्याला कामगार म्हणायचं, पण त्याचा मालक कोण ते विचारायचं नाही. ॲपवरचा आयडी एका सकाळी बंद झाला तर नोकरीवरून काढल्याची दाद कामगार न्यायालयात मागायची सोय त्याला या संहितेने दिलेली नाही.

मालक ड्रायव्हरच, असं एक उत्तर सहकाराचं. मार्च २०२५ मध्ये अमित शहा यांनी लोकसभेत सहकारी टॅक्सीची घोषणा केली. नफा ड्रायव्हरच्या खात्यात जाणार, अशी ती कल्पना. कोल्हापूर जिल्ह्याला ती नवीन नाही. गोकुळ दूध संघाला दूध घालणारी घरं शाहूवाडीतही आहेत. मी तिचं स्वागत करतो, पण सभासद आणि संचालक यांच्यात किती अंतर पडतं, हे आधी एखाद्या ऊस उत्पादकाला विचारून घ्यावं.

वडापवाला तर सामाजिक सुरक्षा संहितेच्या प्लॅटफॉर्म कामगारांतही मोडत नाही. तो असंघटित, स्वयंरोजगारी. गाडीवर चालान करायला सरकारला त्याचा पत्ता बरोबर सापडतो, विम्यासाठी मात्र त्याची कुठे नोंदच नसते. निदान ती नोंद करून घेणं त्याच्या हातात आहे. ई-श्रम पोर्टलवर १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराची नोंदणी मोफत होते. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक घेऊन कॉमन सर्व्हिस सेंटरवर गेलं की झालं. तुमच्या घरी, भावकीत कुणी गाडीवर असेल तर त्याला या आठवड्यात तिथे घेऊन जा.