विनिमय-व्यवहारित निधींचे मूल्यमापन

ज्या गुंतवणूक निधीची युनिटे शेअर बाजारात नोंदविलेली असून कोणत्याही शेअरप्रमाणे बाजाराच्या वेळात विकत घेता वा विकता येतात, त्यास विनिमय-व्यवहारित निधी म्हणतात. व्यवहारात तो ‘ईटीएफ’ या नावाने ओळखला जातो. असे बहुतेक निधी एखाद्या निर्देशांकाचे अनुसरण करतात. म्हणजे त्या निर्देशांकातील कंपन्यांचे शेअर निर्देशांकातील प्रमाणातच बाळगतात. युनिटाची किंमत वाजवी आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी निधीतील कंपन्यांचा नफा, लाभांश, अवितरित नफा व पुस्तकी मूल्य यांचा जो अभ्यास करण्यात येतो, त्यास निधीचे मूलभूत विश्लेषण म्हणतात. निधी हा स्वतः नफा कमावणारा उद्योग नसून कंपन्यांच्या नफ्यावरील हक्कांचा संच होय. त्यामुळे हे विश्लेषण निधीच्या स्वतःच्या हिशोबाचे नव्हे, तर त्याने धारण केलेल्या कंपन्यांच्या हिशोबांचे करावे लागते.

इतिहास : कंपनीच्या नफ्यावरून शेअरचे मूल्य ठरविण्याच्या पद्धतीस बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड यांच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोखे-विश्लेषणावरील ग्रंथाने शास्त्रीय स्वरूप दिले. शेअरचे मूल्य म्हणजे त्यापासून पुढे मिळणाऱ्या लाभांशांचे वर्तमान मूल्य, हा सिद्धांत जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ मध्ये विस्ताराने मांडला. विनिमय-व्यवहारित निधी त्यानंतर सुमारे अर्धशतकाने उदयास आले. १९९० मध्ये कॅनडातील टोरंटो शेअर बाजारात अशा प्रकारची युनिटे प्रथम आली. अमेरिकेत स्टँडर्ड अँड पुअर्स ५०० या निर्देशांकाचे अनुसरण करणारा निधी जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाला. भारतात निफ्टी ५० निर्देशांकावर आधारलेला ‘निफ्टी बीज’ हा पहिला निधी डिसेंबर २००१ मध्ये स्थापन झाला व जानेवारी २००२ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदला गेला. ऑगस्ट २०१५ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने आपल्या नव्या ठेवींचा काही भाग अशा निधींत गुंतविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे ज्यांनी स्वतः कधीही शेअर खरेदी केलेला नाही, अशा कामगारांच्या वृद्धापकाळाच्या पुंजीचाही या निधींच्या मूल्याशी संबंध जडला आहे.

निधीचे हिशोब : युनिटाचे निव्वळ मत्ता मूल्य म्हणजे निधीतील शेअरांची बाजारभावाने होणारी किंमत व शिल्लक रोकड यांतून देणी वजा करून येणाऱ्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले असता मिळणारी संख्या होय. युनिटाचा बाजारभाव या मूल्यापेक्षा वर गेल्यास प्राधिकृत व्यापारी शेअरांचा ठराविक संच निधीकडे सुपूर्द करून नवी युनिटे घेतात व ती बाजारात विकतात. भाव खाली गेल्यास उलट क्रिया होते. त्यामुळे सामान्यतः बाजारभाव व मत्ता मूल्य एकमेकांच्या जवळ राहतात. परंतु या जवळिकीवरून युनिट स्वस्त आहे किंवा महाग आहे, याचा बोध होत नाही. मूळ शेअरच महाग असतील, तर मत्ता मूल्यही तितकेच महाग असते.

निधीच्या ताळेबंदात दिसणाऱ्या अवितरित रकमेसही फारसा अर्थ नसतो. ती मुख्यतः कंपन्यांकडून मिळालेला लाभांश व शेअरविक्रीतून झालेला लाभ यांची बनलेली असते. अमेरिकेत करसवलत मिळविण्यासाठी निधीस आपल्या करपात्र गुंतवणूक-उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावा लागतो. भारतातील अनेक निर्देशांक-निधी मात्र मिळालेला लाभांश न वाटता पुन्हा शेअरांतच गुंतवितात. हा फरक करविषयक व व्यवस्थापकीय स्वरूपाचा आहे. त्यावरून निधीतील उद्योगांच्या उत्पादनक्षमतेविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

अवितरित नफा : कंपनीने करभरणा करून उरलेल्या नफ्यातून लाभांश दिल्यावर जो भाग स्वतःकडे ठेवला असेल, तो अवितरित नफा होय. वर्षानुवर्षांचा असा नफा ताळेबंदात राखीव निधी व अधिशेष या सदराखाली साचत जातो. हा नफा तिजोरीत रोख पडून असतो, असे नाही. त्याचे रूपांतर यंत्रे, इमारती, मालसाठा किंवा येणी यांत झालेले असते अथवा त्यातून कर्ज फेडलेले असते. म्हणून नफा किती राखला यापेक्षा राखलेल्या नफ्यावर कंपनीने पुढे किती मिळविले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. नव्या शेअरांची विक्री झाली नाही, तर स्वभांडवलाची वार्षिक वाढ स्थूलमानाने संचय-प्रमाण व स्वभांडवलावरील परतावा यांच्या गुणाकाराइतकी होते. संचय-प्रमाण म्हणजे नफ्यापैकी राखून ठेवलेल्या भागाचे प्रमाण होय.

गणनपद्धती : समजा, एका निधीच्या १,००० रु. मूल्याच्या संचात तीन कंपन्यांचे शेअर आहेत. क कंपनीचे शेअर ५०० रु.चे असून त्यांच्या वाट्याला २५ रु. नफा व ५ रु. लाभांश येतो. ख कंपनीच्या ३०० रु.च्या शेअरांच्या वाट्याला ३० रु. नफा व २४ रु. लाभांश येतो. ग कंपनीच्या २०० रु.च्या शेअरांच्या वाट्याला ५ रु. तोटा येतो व लाभांश मिळत नाही. या शेअरांचे पुस्तकी मूल्य अनुक्रमे १२५, २०० व ७५ रु. आहे. तिन्ही कंपन्या मिळून नफा ५० रु., लाभांश २९ रु., अवितरित नफा २१ रु. व पुस्तकी मूल्य ४०० रु. होते. यावरून निधीचे किंमत-नफा गुणोत्तर २०, लाभांशाचा दर २.९ टक्के, संचय-प्रमाण ४२ टक्के व स्वभांडवलावरील परतावा १२.५ टक्के येतो. संचय-प्रमाण व परतावा यांच्या गुणाकारातून ५.२५ टक्के वाढ मिळते. परताव्याचा दर, संचय-प्रमाण आणि किंमत व पुस्तकी मूल्य यांचे गुणोत्तर कायम राहिल्यास लाभांश व वाढ मिळून सुमारे ८.१५ टक्के वार्षिक उत्पन्न अपेक्षिता येते. त्यातून निधीचा खर्च वजा करावा लागतो. हाच संच २,००० रु.ना घेतल्यास कंपन्यांच्या कामगिरीत काहीही बदल झालेला नसताना लाभांशाचा दर १.४५ टक्क्यांवर व अपेक्षित उत्पन्न ६.७ टक्क्यांवर येते.

या उदाहरणात ग कंपनीचा तोटा शून्य धरल्यास किंमत-नफा गुणोत्तर सुमारे १८.२ येते व ती कंपनी पूर्णपणे वगळल्यास ते सुमारे १४.५ येते. तिन्ही वेळी संच तोच असतो. म्हणून प्रसिद्ध झालेले गुणोत्तर वापरण्यापूर्वी तोट्यातील कंपन्यांचा हिशोब कसा धरला आहे, हे पाहणे आवश्यक असते. नफ्याच्या व्याख्येमुळेही असाच फरक पडतो. निफ्टी ५० निर्देशांकाचे गुणोत्तर काढताना पूर्वी कंपन्यांचा केवळ स्वतंत्र नफा धरीत. ३१ मार्च २०२१ पासून उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरण्यात येऊ लागला व गुणोत्तर एका दिवसात सुमारे ४० वरून सुमारे ३३ वर आले. बाजारात त्या दिवशी तितकी स्वस्ताई आलेली नव्हती. एकाच वर्षाच्या नफ्यावर विसंबणेही धोक्याचे असते. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत स्टँडर्ड अँड पुअर्स ५०० मधील कंपन्यांचा एकूण नोंदविलेला नफा उणे झाला होता. त्यानंतर भाव कोसळलेले असूनही किंमत-नफा गुणोत्तर फुगलेले दिसत होते. असा दोष टाळण्यासाठी जॉन कॅम्बेल व रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये दीर्घकालीन सरासरी नफ्याचा उपयोग केला. पुढे महागाईनुसार समायोजित केलेल्या दहा वर्षांच्या सरासरी नफ्यावर आधारलेले गुणोत्तर रूढ झाले.

अवितरित नफ्याचे अर्थनिर्णयन : ताळेबंदातील संचित आकडा पुढील कारणांमुळे फसवा ठरू शकतो. (१) बोनस शेअर दिल्यास राखीव निधीचा काही भाग भागभांडवलात वर्ग होतो. संचित नफा घटलेला दिसतो, पण कंपनीतून एक रुपयाही बाहेर गेलेला नसतो. (२) कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतल्यास संचय घटतो. अमेरिकेतील ॲपल ही अत्यंत नफ्यात चालणारी कंपनी. तथापि मोठ्या प्रमाणावरील पुनर्खरेदीमुळे सप्टेंबर २०२२ अखेरच्या तिच्या ताळेबंदात सुमारे ३०० कोटी डॉलरांची संचित तूट दिसली. म्हणून संचय-प्रमाण काढताना लाभांशाबरोबर पुनर्खरेदीची निव्वळ रक्कमही वजा करणे योग्य असते. (३) बँकांच्या बाबतीत नफा राखणे हे बऱ्याच अंशी बंधनकारक असते. १९४९ च्या बँकिंग विनियमन अधिनियमानुसार भारतीय बँकांनी वार्षिक नफ्याचा किमान २० टक्के भाग राखीव निधीत टाकला पाहिजे. निफ्टी ५० मध्ये वित्तीय सेवा क्षेत्राचा वाटा सर्वांत मोठा असल्याने ही बाब दुर्लक्षिता येत नाही. (४) सरकारी कंपन्यांत भागधारक या नात्याने शासनाची महसुली गरजही लाभांश ठरविते. २०१६ च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नफ्याचा ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याचा ५ टक्के भाग, यांपैकी जो अधिक असेल तितका किमान लाभांश देणे अपेक्षित होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये यांपैकी दुसरे प्रमाण ४ टक्के करण्यात आले. केंद्रीय सार्वजनिक उद्योगांच्या शेअरांवर आधारलेल्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या निधीचे विश्लेषण करताना त्यातील लाभांशाचा दर हा या धोरणाचाही परिणाम असतो, हे ध्यानात घ्यावे लागते.

नफा राखणे भागधारकांच्या हिताचे असते काय, याविषयी मतभेद आहेत. मर्टन मिलर व फ्रँको मोदिल्यानी यांनी १९६१ मध्ये असे दाखविले, की कर व व्यवहारखर्च नसलेल्या आदर्श बाजारात कंपनीचे गुंतवणूक-धोरण ठरलेले असल्यास लाभांशाचे प्रमाण मूल्यावर परिणाम करीत नाही. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफेट यांनी १९८३ च्या सुमारास एक व्यावहारिक कसोटी मांडली : राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे कालांतराने किमान एक डॉलर बाजारमूल्य निर्माण झाले पाहिजे. रॉबर्ट अर्नॉट व क्लिफर्ड ॲस्नेस यांना २००३ मधील अभ्यासात अमेरिकी बाजारासंबंधी अनपेक्षित निष्कर्ष आढळला. एकूण बाजाराचा लाभांश-वाटा अधिक असलेल्या काळानंतरच्या दहा वर्षांत नफ्याची वाढ अधिक होती. नफा अधिक राखला म्हणजे वाढ आपोआप होते, या समजुतीस यामुळे धक्का बसला. निर्देशांक-निधीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण नफा वाया घालविणारी कंपनी निर्देशांकात असेपर्यंत निधीस तिचे शेअर बाळगावेच लागतात.

मर्यादा : बहुतेक निर्देशांकांत कंपन्यांचे भार बाजारमूल्यानुसार ठरतात, त्यामुळे भाव वाढलेल्या कंपनीचा वाटा वाढतो. यावर उपाय म्हणून २००५ मध्ये विक्री, रोख प्रवाह, लाभांश व पुस्तकी मूल्य यांनुसार भार देणारे निर्देशांक अमेरिकेत पुढे आले व त्यांवर निधीही निघाले. मूलभूत विश्लेषणाने मूल्याचा अंदाज बांधता येतो. भाव त्या पातळीवर केव्हा येईल, हे त्यावरून सांगता येत नाही. तसेच सोन्यावर आधारलेल्या निधीस ही पद्धत लागू पडत नाही. सोने नफा मिळवीत नाही, लाभांश देत नाही व काही राखूनही ठेवीत नाही. त्याच्या युनिटाचा भाव सर्वस्वी धातूच्या भावावर अवलंबून असतो. शेअरांवर आधारलेल्या निधींत मात्र निर्देशांक व त्याची गणनपद्धती कोणतीही असली, तरी दीर्घकालीन उत्पन्न अखेरीस कंपन्यांनी वाटलेल्या व राखून उत्पादक कामी लावलेल्या नफ्यातूनच येते.