खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर : दगडात लिहिलेली दानाची खतावणी

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी खिद्रापूर हे लहानसे गाव आहे. नदीपलीकडे कर्नाटक सुरू होते. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्राची यात्रा करून नृसिंहवाडीकडे जाणारी आपली कित्येक कुटुंबे या गावाच्या अलीकडूनच परत फिरतात. मीही अनेक वर्षे तसाच परत फिरलो. बँकेच्या नोकरीत या भागातील शाखेत असताना ऊसकर्जांच्या पाहणीसाठी शिरोळ तालुक्यातील शिवारे मी पायाखाली घातली. पण खिद्रापूरचे मंदिर पाहण्याचा योग निवृत्तीनंतरच आला. त्या एका दिवसाने पुढे मला माझ्याच एका जुन्या सहीचा हिशेब मागितला. तो विषय शेवटी येईलच.

कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातील असून त्याची उभारणी कोल्हापूरच्या शिलाहार राजवंशाच्या काळातील, विशेषतः राजा गंडरादित्याच्या कारकिर्दीतील मानली जाते. पूर्वी या स्थानाला ‘कोप्पम’ म्हणत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास चोळ राजा राजाधिराज आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यांच्यात कोप्पम येथे घनघोर युद्ध झाले आणि त्यात राजाधिराज हत्तीच्या पाठीवरच मारला गेला. ते कोप्पम हेच, असे हे अभ्यासक मानतात. गावकऱ्यांची कथा मात्र निराळी आहे. दक्षाच्या यज्ञात सतीने देहत्याग केल्यावर कोपलेले शंकर येथे येऊन बसले, म्हणून ते कोपेश्वर. त्यांची समजूत काढण्यासाठी विष्णू आले, ते धोपेश्वर. म्हणून गर्भगृहात शिवलिंगाशेजारी विष्णुरूप मानलेले दुसरे लिंग आहे. सतीला माहेरी घेऊन गेलेला नंदी मागे परतलाच नाही, म्हणून शिवमंदिर असूनही येथे देवासमोर नंदी नाही. तो काही मैलांवरच्या यडूर गावी आहे, असे सांगतात.

मंदिर पूर्वाभिमुख आहे. प्रथम स्वर्गमंडप, त्यामागे सभामंडप, मग अंतराळ आणि शेवटी गर्भगृह अशी त्याची मांडणी. स्वर्गमंडप हा या वास्तूचा मुकुटमणी होय. ४८ स्तंभांवर उभ्या असलेल्या या मोकळ्या मंडपाच्या छताला मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाची वर्तुळाकार पोकळी ठेवलेली आहे. बरोबर तिच्याखाली तेवढ्याच आकाराची गोल रंगशिळा आहे. शिळेभोवती बारा स्तंभांचे कडे असून वरच्या भागात कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांसह दिक्पाल कोरले आहेत. शिळेच्या काठाशी उभे राहून वर पाहिले की कोरीव दगडाच्या चौकटीत आकाशाचा एक तुकडा बसवल्यासारखा दिसतो. मंडपाचे नाव कशावरून पडले, हे मग कोणाला विचारावे लागत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या पोकळीवर येतो आणि चांदण्याचे वर्तुळ शिळेवर पडते, ते पाहण्यासाठी लोक जमतात. यामागील गणित साधे आहे. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे गेलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असल्याने तो जवळजवळ तितकाच उत्तरेकडे असतो. खिद्रापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहे. त्यामुळे त्या रात्री चंद्र गावाच्या माथ्यावर किंवा माथ्याच्या अगदी जवळ येतो.

येथील स्तंभ चौकोनी, अष्टकोनी आणि गोल अशा टप्प्यांनी वर चढत जातात. गोल भागावरील वळ्या इतक्या सारख्या आहेत की दगड कातावर फिरवून कातला असावा असे वाटते. चालुक्य परंपरेतील कारागिरांची ही ओळखच होती. सभामंडपात शिरताच उजेड मंद होतो आणि गर्भगृहाकडे जाताना आणखी मंद होतो. मोकळ्या आकाशाखालून अंधाऱ्या गाभाऱ्यापर्यंत भक्ताला पायरीपायरीने नेण्याची ही योजना आहे. बाहेर मंदिराच्या तळाशी हत्तींचा थर आहे. देवदेवतांना पाठीवर घेतलेले हे हत्ती संपूर्ण मंदिराचा भार वाहत असल्यासारखे दिसतात. त्यांतील कित्येकांच्या सोंडा आणि पाठीवरील मूर्ती भंगलेल्या आहेत. तरी रांग हललेली नाही.

आता आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाची गोष्ट. कोपेश्वरापासून हाकेच्या अंतरावर, गावातच, भगवान आदिनाथांची प्राचीन बसदी आहे. तीही शिलाहारकालीन, आणि आजही पूजेत असलेली. आकाराने ती लहान आहे. पण तिचे कोरीव स्तंभ पाहताना आपण कोपेश्वराच्या मंडपातून फार दूर आलो आहोत, असे डोळ्यांना वाटत नाही. पर्यटक कोपेश्वर पाहून निघून जातात, आपले यात्रेकरू बसदीचे दर्शन घेऊन निघून जातात. दोन्ही वास्तू एका दिवशी, एकापाठोपाठ एक पाहणारे थोडेच.

ही दोन मंदिरे शेजारी उभी राहिली, त्यामागे राज्यकर्त्यांचे धोरण होते. शिलाहार स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादाने लाभलेले राज्य चालवणारे म्हणवीत. तरी शके १०३२ च्या ताम्रपटात गंडरादित्याने मिरज प्रांतात ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव खोदवून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत यांची स्थापना केल्याची व त्यांच्या पूजेसाठी जमिनी दिल्याची नोंद आहे. आजऱ्याचे ‘त्रिभुवनतिलक’ चैत्यालय त्याचेच. याच चैत्यालयात पुढे शके ११२७ मध्ये, शिलाहार राजा दुसरा भोज याच्या कारकिर्दीत, सोमदेवांनी ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला.

गंडरादित्याचा सामंत निंबदेव हा जिनभक्त आणि माघनंदी सिद्धान्तदेवांचा शिष्य. त्याने बांधलेल्या पार्श्वनाथ जिनालयासंबंधीचा शके १०५८ चा, म्हणजे इ.स. ११३५ चा शिलालेख कोल्हापुरात आहे. व्यापारी घराण्यांतील प्रत्येकाने त्याचा आशय जाणून घ्यावा, असे मला वाटते. या जिनालयाच्या खर्चासाठी ‘अय्यावळे पाचशे’ या दख्खनभर पसरलेल्या व्यापारी श्रेणीने, कोल्हापूर, मिरज आणि इतर पेठांच्या प्रतिनिधींसह, बाजारातील मालावर ठरावीक देणे बांधून दिले. ही एकदाच दिलेली देणगी नव्हती. व्यापार जोवर चालेल तोवर मंदिराचा दिवा चालावा, अशी ती व्यवस्था होती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी इमारतीसाठी रक्कम दिली नाही. देखभालीसाठी कायमचा उत्पन्नस्रोत जोडून दिला. आपल्या पूर्वजांची ही दूरदृष्टी मला कळसाच्या सोन्याहून मोलाची वाटते.

कोपेश्वर मंदिरातही सुमारे डझनभर शिलालेख आहेत. त्यांतील बहुतेक कानडीत असून दक्षिण दाराजवळच्या बाह्य भिंतीवरील एक लेख संस्कृतात, देवनागरी लिपीत आहे. तो देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा, तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव करून शिलाहारांचे राज्य नुकतेच संपवले होते. पण जिंकलेल्या राजघराण्याच्या या मंदिराला त्याने दान दिले आणि ते दगडावर नोंदवले. सत्ता बदलली, मंदिराचे खाते मात्र बंद झाले नाही. नव्या मालकाने जुन्या शिलकेपुढे आपली जमा मांडली. पस्तीस वर्षे खतावण्या तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या भिंतीपुढे हात जोडावेसे वाटले, यात नवल नाही.

त्याच भिंतीपुढे मला आमच्या गावचे जिनमंदिर आठवले. सुमारे वीस वर्षांपूर्वी त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा मी विश्वस्त मंडळाचा खजिनदार होतो. दगडी खांबांवर संगमरवराच्या पातळ फरश्या चढल्या, छत पांढऱ्याशुभ्र नक्षीने झाकले गेले. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी एक झिजलेला दगड होता, त्यावर कानडी वळणाच्या दोन-तीन ओळी होत्या. लहानपणी आम्ही त्या अक्षरांतून बोट फिरवत असू. तो दगडही फरशीखाली गेला. त्याचे छायाचित्र काढावे, कागदावर ठसा घ्यावा, जाणत्या माणसाला दाखवावे, असे एकाही विश्वस्ताने सुचवले नाही. मीही नाही. कंत्राटदाराच्या अंतिम बिलाच्या धनादेशावर सही माझी आहे. सगळ्यांचा हेतू शुद्ध होता आणि खर्चाचा हिशेब पैशापर्यंत जुळला. पण त्या दोन-तीन ओळींत कदाचित एखाद्या श्रावकाने मंदिराच्या दिव्यासाठी बांधून दिलेले देणे असेल, आणि ती नोंद आम्हीच बुजवली.

आज गावोगावी जीर्णोद्धाराची कामे चालू आहेत आणि समाज त्यासाठी उदार हाताने देत आहे. म्हणून विश्वस्त बंधूंना विनंती एवढीच की, काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खांबाचे, मूर्तीच्या पीठाचे आणि अक्षर असलेल्या दगडाचे छायाचित्र घ्यावे. शिलालेखाची माहिती पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या विद्यापीठातील इतिहास विभागाला कळवून त्याचा ठसा घ्यावा. जुन्या दगडाला तैलरंग देऊ नये. आणि जमलेल्या निधीतील काही भाग बांधकामावर न घालता देखभालीसाठी कायम ठेव म्हणून बाजूला काढावा. ही शेवटची सूचना माझी नव्हे. कोल्हापूरच्या बाजारपेठेने ती इ.स. ११३५ मध्येच अमलात आणली होती.

खिद्रापूर कोल्हापूरहून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. कोपेश्वर मंदिर संरक्षित स्मारक आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो, २०१९ च्या महापुराने तर शिरोळ तालुक्याची मोठी हानी केली. तेव्हा हिवाळ्यात जाणे उत्तम. मुलानातवंडांना बरोबर न्यावे, दोन्ही मंदिरे दाखवावीत आणि दक्षिण दाराजवळची ती अक्षरे अवश्य दाखवावीत.

आमच्या मंदिरातील फरशी उचलण्याइतकी अनुकूलता अजून मंडळात नाही. मात्र गेल्या वार्षिक सभेत मी एक नोंद इतिवृत्तात करून घेतली आहे : गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या डाव्या बाजूस, भिंतीपासून तिसऱ्या फरशीखाली, अक्षरे कोरलेला जुना दगड आहे. पुढचे विश्वस्त ती वाचतील तेव्हा दगड कुठे शोधायचा, एवढे तरी त्यांना ठाऊक असेल.