गुण भरपूर, रकाने रिकामे

‘‘अभ्यासात हुशार आहे हो, पण बाकी काहीच केलं नाही त्याने.’’ परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्यांकडे येणाऱ्या पालकांचं हे ठरलेलं वाक्य. मुलगा पुण्यात इंटिग्रेटेड क्लासमध्ये अकरावी-बारावी काढलेला असो, की मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेली, धास्ती सारखीच. अमेरिकेत हजाराहून अधिक कॉलेजांना ‘कॉमन अ‍ॅप’ हा एकच अर्ज चालतो. त्यात अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि एकेका उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरं. दोन जागा कशाबशा भरतात आणि घरात शांतता पसरते.

यात मुलाचा दोष फारसा नसतो. आपल्याकडे व्हीजेटीआय किंवा सीओईपीसारख्या अभियांत्रिकी कॉलेजात शिरायचं तर सीईटीचा नाहीतर जेईईचा पर्सेंटाइल लागतो. तबला वाजवतोस का, हे प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये कोणी विचारत नाही. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंसाठी काही जागा ठेवल्या, तर तीही मोठी बातमी झाली.

अमेरिकेत गुणांपलीकडचं पाहण्याची रीत आली, त्यामागचा इतिहास मात्र फारसा उजळ नाही. 1920च्या दशकात हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढली. अध्यक्ष लॉवेल यांना ती कमी करायची होती, पण उघड कोट्याला विरोध झाला. मग ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ तपासणं सुरू झालं, अर्जासोबत फोटोही मागितला जाऊ लागला. 2014 साली हार्वर्डवर आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या बाजूने खटला भरला गेला आणि त्यातून तिथली पद्धत कोर्टात उघड झाली: अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळी श्रेणी. अशा ठिकाणी नुसत्या मार्कांवर विसंबणं खरंच धोक्याचं. पण अशी कॉलेजं मूठभरच आहेत आणि घाबरलेले पालक यादी करतात ती नेमकी त्यांचीच.

यादी करण्याआधी एक तक्ता पाहावा. बहुतेक अमेरिकी कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती जाहीर करतात. तिच्या ‘सी-7’ या भागात एकाखाली एक ओळी असतात: विषयांची काठिण्यपातळी, गुण, प्रवेश परीक्षा, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम, नोकरीचा अनुभव. प्रत्येक ओळीपुढे चार चौकटी: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. ‘उपक्रम’ या ओळीत खूण कुठे आहे, ते पाहायला मिनिटभर लागतं. खूण तिसऱ्या किंवा चौथ्या चौकटीत असेल, तर रिकाम्या रकान्यांची चिंता बरीचशी मिटली.

काही ठिकाणी तर हिशेब आकड्यांचाच. टेक्सासमध्ये 1997च्या कायद्याने राज्यातल्या शाळांच्या वरच्या फळीतल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा आता वरच्या 5 टक्क्यांवर आली आहे. ह्यूस्टनच्या मराठी घरांत हा आकडा पाठ असतो. मात्र हवी ती शाखा मिळण्याची हमी त्यात नाही. कॉम्प्युटर सायन्सची चढाओढ वेगळीच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं गणित उलटं आहे. एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण तिथे प्रवेशासाठी पाहतच नाहीत, उपक्रम आणि पारितोषिकांसाठी मात्र वीस जागा. एसएटीवर मेहनत घेतलेल्या, बाकी पाटी कोरी असलेल्या मुलाने याच विद्यापीठाच्या बर्कलीचा हट्ट धरावा, यात फारसं शहाणपण नाही.

अटलांटिक ओलांडला की हवा बदलते. ऑक्सफर्डला नाट्यस्पर्धेतल्या बक्षिसाचं कौतुक नाही. विषयाची परीक्षा, मुलाखत आणि अभ्यासक्रमाबाहेर जाऊन त्याच विषयाचं काय वाचलं, यावर भर. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिम्पियाड शिबिरापर्यंत पोचलेल्या मुलाला तिथे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. अर्जाची मुदत मात्र 15 ऑक्टोबरची, म्हणजे आपली बारावी ऐन भरात असताना. अमेरिकेशेजारच्या कॅनडातही मॅकगिलच्या बहुतेक अभ्यासक्रमांना गुणच पुरतात.

शिवाय ‘काहीच केलं नाही’ हे बहुतेकदा खरं नसतं. कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत पगारी काम आहे, घरच्या जबाबदाऱ्याही आहेत. रोज संध्याकाळी वडिलांच्या दुकानाचा गल्ला सांभाळून जीएसटीची बिलं लावणारी मुलगी ते लिहीतच नाही, कारण तिला तो उपक्रम वाटत नाही. आजीच्या औषधपाण्याचं पाहणारा मुलगाही नाही. त्याऐवजी बारावीआधीच्या उन्हाळ्यात घाईघाईने संस्था काढून, गावात वह्या वाटतानाचे फोटो जमवले जातात. असे अर्ज वाचून मुरलेल्या अधिकाऱ्यांना ही घाई तारखांवरूनच कळते. एमआयटीचा स्वतःचा अर्ज तर मोजके चारच उपक्रम मागतो.

खरी अडचण पैशांची आहे. भारतातून जाणाऱ्या मुलाची ऐपत न पाहता प्रवेश देऊन नंतर गरजेची सगळी रक्कम भरून देणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि आणखी काही. उपक्रम बारकाईने पाहणारीही हीच. गुणांवर दार उघडणारी मोठी सरकारी विद्यापीठं परदेशी मुलाकडून चढी फी घेतात आणि गरजेनुसार मदत क्वचितच देतात. काही ठिकाणी गुणांवर शिष्यवृत्ती मिळते, पण तीही क्वचितच पूर्ण खर्चाची. म्हणून यादी करताना सी-7 च्या तक्त्याशेजारी प्रत्येक विद्यापीठाची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फी लिहिली जावी आणि कर्जाच्या हप्त्याचा आकडा अर्ज भरण्याआधीच घरात बोलला जावा.